कोणीतरी म्हणजे कोण

सर आपल्या खोलीचं कुलूप काढत, कडी सरकवत आणि दार लोटण्याआधी आत विचारत, "इज एनीबडी इन?" मग क्षणभर थांबत. उत्तर येत नाही अशी खात्री झाली की चपला काढून आत जात. खोली एकच होती. आत एक लोखंडी खाट, एक टेबल आणि पाण्याचा माठ. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आत मांजर असेल. विचारलं तर म्हणाले, "प्रश्नात एनीबडी येतं. ते अंगवळणी पडायचं तर रोजच्या वापरात पाहिजे. रोजच्या वापरात माझ्याकडे एवढं एकच दार आहे."

ही खोली बोरी अरबच्या बाजारातून जरा आत, कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून होती. सर तिथल्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत आणि मी त्याच शाळेत इंग्रजीचा दुसरा शिक्षक म्हणून लागलो होतो. स्टाफरूममध्ये त्यांना 'मोठं इंग्रजी' आणि मला 'छोटं इंग्रजी' म्हणत. बाकीच्या शिक्षकांना त्यांच्या आडनावापुढे सर लावून हाक मारली जाई. यांना नुसतं सर. हजेरीपटावर त्यांचं नाव असणारच, पण ते उच्चारायची वेळ कोणावर येत नसे.

मूळचे यवतमाळचे. वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क, एक काका वकील, घरात इंग्रजी अर्ज लिहिण्याची परंपरा. भावंडं पुण्याला आणि पुढे गेली. सर उलट्या दिशेने, बोरी अरबला आले आणि राहिले. लग्नाचं कोणी विचारलं की म्हणत, "समबडी वॉज देअर," आणि विषय बदलत. भूतकाळ वापरतात, एवढं आम्हाला कळे. पुढचं कळत नसे.

त्यांची शिकवण्याची रीत शिक्षण खात्याला कधी कळली नाही, हे दोघांच्याही सोयीचं होतं. पाठ्यपुस्तकात बर्फात हरवलेला मुलगा असे, समुद्रकिनारी फिरायला गेलेलं कुटुंब असे. सर पुस्तक मिटून टेबलावर ठेवत आणि फळ्यावर चार वाक्यं लिहीत. समबडी हॅज लेफ्ट द टॅप ओपन. डज एनीबडी हॅव अ पंप? नोबडी इज ॲट द बस स्टँड. एव्हरीबडी नोज द बस इज लेट. त्यांचं म्हणणं असं की आपल्या भागातल्या माणसाला इंग्रजीत बोलायची वेळ आलीच, तर ती बहुधा अनोळखी माणसाबद्दल किंवा न आलेल्या माणसाबद्दल बोलायची येईल. तेवढं आलं की बाकीचं इंग्रजी आपोआप येतं. बाकीचं आलेलं कोणी मी पाहिलं नाही. पण त्यांच्या वर्गातल्या पोरांना हे चार शब्द इतके खणखणीत येत की मी माझ्या वर्गात जाऊन खिडक्या लावून घेत असे.

"सर, एव्हरीबडी म्हंजे सगळे ना? मंग त्याच्यासंगं इज काहून? आर पाह्यजे," एक पोरगा एकदा म्हणाला.

"इज."

"पन सगळे हायेत, सर."

"गर्दी कितीही असू दे. इंग्रज तिला एकटीच समजतो."

पोरगा बसला. सर बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले. मग पुढचं वाक्य लिहिलं.

आमची पोरं एक चूक हमखास करत. कोणी आलं नाही, याचं इंग्रजी करताना 'नोबडी डिड नॉट कम' लिहीत. सर म्हणत, "याचा अर्थ, कोणीच आलं नाही असं झालं नाही. म्हणजे आले." त्यावर मागच्या बाकावरून, "मंग आले का नाही ते पक्कं सांगा ना सर," असं येई आणि वर्ग हसे. सरही हसत, पण जरा उशिरा. एकदा मला म्हणाले, "मराठी फार आशा लावते हो. आधी म्हणते, कोणी. आपण कान टवकारतो. मग क्रियापद येतं, आलं. आणि अगदी शेवटी, नाही. इंग्रजीत निदान पहिल्याच शब्दाला कळतं, नोबडी. माणूस जेवायला बसायला मोकळा."

त्यांचा एक नियम वर्गात आणि वर्गाबाहेर सारखाच होता. माणूस कोण ते माहीत नसेल तरच समबडी म्हणायचं. माहीत असेल तर नाव घ्यायचं. "सर, कोणीतरी खडू नेला," असं कोणी सांगितलं की ते विचारत, "कोणीतरी म्हणजे कोण? माहीत आहे का?" पोरगं खाली पाहू लागलं की म्हणत, "मग समबडी नाही. मग एक तर नाव सांग, नाही तर गप्प राहा. दोन्ही चालेल." याचा त्रास सर्वांना होई. मुख्याध्यापक नोटीस काढत, 'काही शिक्षक उशिरा येतात.' सर ती नोटीस घेऊन त्यांच्या खोलीत जात आणि शांतपणे विचारत, "काही म्हणजे कोण? मी असेन तर मला सांगा, नसेन तर मी सही कशाला करू?"

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. वर्तमानपत्रात रोज कोणा शेतकऱ्याच्या मरणाची एक चौकट येई आणि तिच्यावर बहुतेक वेळा 'आणखी एक' असं लिहिलेलं असे. स्टाफरूममध्ये पेपर फिरत फिरत सरांकडे आला की ते चौकटीतलं नाव शोधत, ते मोठ्याने वाचत, गाव वाचत आणि पेपर पुढे देत. भाष्य करत नसत. एकदा आमच्या शाळेचे एक शिक्षक म्हणाले, "रोज रोज काय वाचता सर, जिवाला लागते." सर म्हणाले, "आणखी एक हे कोणाचंही नाव नसतं," आणि तासाला गेले.

त्याच काळात गाड्या फार येत. दिव्यांच्या, झेंड्यांच्या, कॅमेऱ्यांच्या. प्रत्येक गाडीतून उतरणारा माणूस हात जोडून उतरे आणि घड्याळ बघत परत चढे. एकदा दिल्लीहून एक साहेब आले. त्यांना फक्त इंग्रजी येत होतं आणि गावाला फक्त इंग्रजी येत नव्हतं. म्हणून भाषांतराला आमच्या सरांना बोलावलं. ग्रामपंचायतीसमोर मांडव. व्यासपीठावर आमच्या संस्थेचे अध्यक्षसाहेबही होते. त्यांना कोणी बोलावलं होतं ते कळलं नाही, पण व्यासपीठ असलं की ते असत. त्यांच्या शर्टाला इस्त्री इतकी कडक की ते खाली बसले तरी शर्ट उभाच राही.

दिल्लीचे साहेब चांगलं बोलत. एव्हरीबडी इज डीपली कन्सर्न्ड, ते म्हणाले. समथिंग मस्ट बी डन. समबडी मस्ट टेक रिस्पॉन्सिबिलिटी. सरांनी एकेक वाक्य घेऊन सावकाश मराठीत ठेवलं. सगळ्यांना मनापासून काळजी आहे. काहीतरी केलं पाहिजे. कोणीतरी जबाबदारी घेतली पाहिजे.

पुढच्या रांगेत गोदाबाई नावाची म्हातारी बसली होती. ती उठून उभी राहिली. "गुर्जी, म्हंजे कोन घेनार हाय जिम्मेदारी? साहेबाले नाव सांगा म्हना."

सरांनी साहेबांना इंग्रजीत विचारलं. साहेब प्रसन्न हसले. "ऑल ऑफ अस."

"आपण सगळे, म्हणतात," सर म्हणाले.

"मले धरून का?"

सरांनी तेही विचारलं. साहेबांनी दोन्ही हात पसरून जोरात मान हलवली. गोदाबाई खाली बसली आणि शेजारणीला म्हणाली, "घे माय. आली आपल्याच आंगावर."

मांडव हसला. साहेबांना वाटलं, भाषण आवडलं. तेही हसले. नंतर अध्यक्षसाहेबांनी सरांना बाजूला घेतलं. "सर, तुमाले भाषांतर कराले सांगितलं होतं. चौकशी कराले नाही."

"पदरचा एक शब्द घातला नाही मी," सर म्हणाले. ते खरं होतं आणि अध्यक्षांना तेच झोंबलं.

आता माझं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात पणाला लागलेलं घर माझं होतं. माझी बायको नर्स. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वणीकडे, आणि मी बोरीला. शनिवारी ती किंवा मी एस.टी. पकडायचो, रविवार अर्धा प्रवासात, अर्धा धुण्यात जायचा आणि सोमवारी पुन्हा दोन गावं. खूप अर्ज-विनंत्या करून शेवटी तिची बदली बोरीच्या दवाखान्यात झाली. आम्ही एका घरात राहू लागलो त्याला जेमतेम वर्ष झालं होतं आणि शाळेतली मुलं कमी होऊ लागली.

शाळेत मुलं कमी झाली की तुकडी बंद होते. तुकडी बंद झाली की नोकरीत सगळ्यात शेवटी लागलेला शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि सरकार त्याला जिथे जमेल तिथे पाठवतं. इंग्रजीत शेवटी लागलेला मी होतो. आठवी ब ही तुकडी काठावर होती. ती सरांकडे होती.

म्हणून आमच्याकडे मे महिन्यात शिक्षक मुलं आणायला निघतात. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. विद्यार्थी शाळा शोधतात असं त्याला वाटतं. आमच्याकडे शाळा विद्यार्थी शोधते. मास्तर दारोदार जातात, चहा नको म्हणतात, सायकल मिळेल म्हणतात, वह्या मिळतील म्हणतात. दुसऱ्या शाळेचे मास्तर त्याच गल्लीत भेटले की दोघं लग्नाचं आमंत्रण द्यायला आल्यासारखे चेहरे करतात. सर माझ्या मोटरसायकलवर मागे बसले. काखेत छत्री. आम्ही बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर गेलो. जूनमध्ये आठवी बमध्ये येणारी बरीच पोरं तिथली.

तांड्यावर ओळीने कुलपं होती. सर प्रत्येक दारापुढे उभे राहून विचारत, "इज एनीबडी ॲट होम?"

"सर, कुलूप दिसतंय," मी म्हणालो.

"माझ्या दाराला कुलूप असतं तेव्हा आत कोणी नसतं, हे मला माहीत आहे. यांचं मला माहीत नाही."

पाचव्या की सहाव्या दाराला कुलूप नव्हतं. आतून आवाज आला, "आजी हाय, मी हाय. बाकी नोबडी." त्यांच्या सातवीच्या वर्गातली सविता बाहेर आली. हात पिठाचे.

"आईवडील?"

"बा अन् माय पुन्याकडं गेलते दिवाळीले, बांधकामावर. आले नाही अजून. काकाकडचेई गेले. अर्जुन गेला त्याह्यच्यासंगं." अर्जुन तिचा चुलतभाऊ, तोही यंदा आठवी बमध्ये येणारा.

"तू काहून नाही गेलीस?" मी विचारलं.

"आजीले कोन पाहीन?"

आजी ओट्यावर बसली होती. मराठी समजे, पण बोले ती आपल्या गोरबोलीत. आम्ही कोणाकोणाच्या घराकडे बोट दाखवू तसं ती एकच म्हणे, "घरेम कोई छेनी." घरात कोणी नाही. सरांनी तिच्याकडून ते म्हणून घेतलं, पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली. सर ओट्याच्या कडेला बसले आणि चौथ्यांदा म्हणाले. तेव्हा तिने मान डोलावली. त्या दिवशी आम्हाला एकही नवीन मुलगा मिळाला नाही. सर परतताना म्हणाले, "यांच्याकडेही 'नाही' शेवटीच येतं हो."

पावसाळा अर्धा सरला तेव्हा बातमी आली की पट तपासायला पथक येणार. कागदावरची मुलं बाकावर आहेत का, ते मोजणार. अशा दिवसासाठी संस्थांकडे एक जुनी युक्ती असते. आमच्या संस्थेची दुसरी एक शाळा दुसऱ्या गावी होती. तिथली पोरं सकाळीच टेम्पोत घालून आणायची, ज्यांची जागा रिकामी त्यांच्या जागेवर बसवायची आणि प्रत्येकाला एकेक नाव पाठ करायला द्यायचं. साहेब मोजतात, नाव विचारतात, पुढे जातात. पोरांना दिवसभराची सुट्टी आणि वर फराळ. या युक्तीची कोणाला लाज वाटत नसे. लग्नात शेजाऱ्याच्या खुर्च्या आणतात, तसं ते वाटे.

तपासणीच्या अधिकारी एक दमलेल्या बाई होत्या. सकाळपासून त्यांनी दोन शाळा मोजल्या होत्या. मुख्याध्यापक त्यांच्या मागे, मी व्हरांड्यात. आठवी बच्या दारातून मला वर्ग दिसत होता. सगळे बाक भरलेले. सर खुर्चीत न बसता खिडकीपाशी उभे.

"सर, सगळे हजर?" बाईंनी विचारलं.

"आहेत ते हजर आहेत," सर म्हणाले.

बाईंनी डोकी मोजली. आकडा जमला. जाता जाता एका पोराला विचारलं, "तुझं नाव काय रे?"

"अर्जुन," पोरगा म्हणाला. पाठ चांगलं होतं.

शेजारच्या रांगेत सविता फिसकन हसली. लगेच तिने तोंडावर हात घेतला. पण हसणं बाहेर पडलं होतं आणि वर्गातल्या निम्म्या पोरांच्या चेहऱ्यावर पोचलं होतं. बाईंनी सरांकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी सरांकडे पाहिलं. मीही पाहिलं. 'लाजाळू आहेत पोरं' एवढं म्हटलं असतं तरी बाई पुढे गेल्या असत्या. त्यांना जायचंच होतं.

सर त्या पोराजवळ गेले. "अर्जुन पुण्याला आहे, मॅडम. हा आमचा पाहुणा. बाळ, तुझं नाव सांग. घरी हाक मारतात ते."

पोराने दाराकडे, मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मग हळू म्हणाला, "गणेश."

"गणेश सकाळपासून उपाशी आहे, मॅडम. टेम्पोत उभा राहून आलाय. फराळ तपासणी झाल्यावर मिळणार असं सांगितलंय त्याला." मग सर पुढच्या बाकाकडे गेले. "आणि तू?"

असे ते रांगेने गेले. प्रत्येक पाहुण्याला नाव विचारलं, गाव विचारलं, पाठीवर हात ठेवून खाली बसवलं. हे सगळं इतक्या अगत्याने चाललं होतं की कुणाला मध्ये पडायला जागा सापडेना. बाईंनी पेन हातात धरून ठेवलं होतं. शेवटी म्हणाल्या, "सर, हे मला लिहावं लागेल."

"लिहा," सर म्हणाले. "पण आधी यांना खायला द्यायला सांगा."

आठवी ब गेली. अध्यक्षसाहेब त्या संध्याकाळी शाळेत येऊन इतकं बोलले की त्यांचा शर्ट पहिल्यांदाच चुरगळला. घरी बायकोने ऐकून घेतलं, भांडी घासायची थांबली आणि म्हणाली, "मंग आता शनिवारची गाडी तुमी धरसान का मी?"

दुसऱ्या दिवशी सर आमच्याकडे आले. मी दारात उभा राहिलो, या म्हणालो नाही. बायकोने मागून, "या सर, बसा," म्हटलं आणि चहा टाकला. माझ्याऐवजी तिनेच विचारलं, "सर, एक दिवस त्या पोराले अर्जुन म्हटलं असतं तं का बिघडलं असतं?"

"सविता होती समोर," सर म्हणाले. "तिला माहीत आहे अर्जुन कुठे आहे. ती रोज त्याच्या घराचं कुलूप पाहते. तिच्यासमोर दुसऱ्याच पोराला अर्जुन म्हणायचं, म्हणजे तो गेला काय आणि राहिला काय, सारखंच."

"अन् आमचं?"

सरांनी बशी टेबलावर ठेवली. "तुम्ही दोघं शनिवारी भेटायचात ना? मग रविवारी परत जाताना कसं वाटायचं?"

ही विचारायची वेळ नव्हती. पण ते खरोखर विचारत होते. माहिती हवी असल्यासारखे. बायको समोर बसली. मग म्हणाली, "जाताना काई नाही वाटे. खोलीवर पोचल्यावर वाटे. सैपाक एकीचा करा लागे ना."

"हो," सर म्हणाले. "एकाचा स्वयंपाक नीट होत नाही. मीठ चुकतं." चहा संपवून ते उठले.

आठवड्याभरात मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक झाली. अध्यक्ष, मुख्याध्यापक, आम्ही सगळे शिक्षक. अध्यक्ष माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हे पाहा, वाईट वाटते. पन आता कोनाले ना कोनाले तं जा लागीन."

"कोणाला तरी म्हणजे कोणाला?" सरांनी विचारलं.

"नियमात जो बसन तो."

"नाव घ्या ना. समोर बसलेत सगळे."

अध्यक्षांनी नाव घेतलं नाही. मुख्याध्यापकांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवली. सर उभे राहिले आणि नाव सांगितलं. स्वतःचं. आधी आडनाव, मग आपलं, मग वडिलांचं, पट वाचतात तसं. त्यांचं पूर्ण नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. वडिलांचं नाव जुन्या वळणाचं होतं, हेडक्लार्कला शोभणारं.

"सर, तुम्ही सगळ्यात ज्येष्ठ," मुख्याध्यापक म्हणाले. "तुम्हाला हलवता येत नाही कोणाला."

"मी आपण होऊन जातो म्हटलं तर येतं. मी कचेरीत विचारून आलोय."

"पण तुमची चारच वर्षं राहिलीत. आता कुठे नव्या गावात..."

"मी गेलो तर माझ्या घरातून कोणी कमी होत नाही," सर म्हणाले आणि बसले. बोलण्यात कसलाही चढउतार नव्हता. वर्गात वाक्य वाचून दाखवावं तसं. मला काही बोलायला हवं होतं. मी उभा राहिलो तर त्यांनी हातानेच बस म्हटलं. जसं पोरांना म्हणत.

त्यांना फुलसावंगीला पाठवलं. जिल्हा हाच, पण गाडीने जाऊन येण्यात दिवस मोडतो इतकं लांब. अध्यक्ष रागात असल्यामुळे निरोप समारंभ झाला नाही, त्यामुळे भाषणंही झाली नाहीत. एवढी एक गोष्ट सरांच्या मनासारखी झाली. सामान एका सीटवर मावलं. बायकोने डबा दिला. सविता आणि आठवी बची उरलेली पोरं थांब्यावर आली होती. ती आता आठवी अमध्ये, माझ्याकडे बसत.

हिवाळ्यात मी त्यांना भेटायला फुलसावंगीला गेलो. शाळा मोठी होती. फाटकाशी शिपायाला विचारलं, इंग्रजीचे नवीन सर कुठे बसतात. तो विचारात पडला. "इंग्रजीचे? आमचे सर तं वर्गावर हायेत. हां, ते अतिरिक्त वाले का? कोनीतरी आलेत खरं. तिकडं नकाशाच्या खोलीत पाहा."

सर नकाशाच्या खोलीत होते. भिंतीला टेकवून ठेवलेल्या गुंडाळ्या आणि त्यांच्यामध्ये एक खुर्ची. त्या शाळेत इंग्रजीची जागा नव्हती. सरकारने पाठवलं म्हणून ठेवून घेतलं होतं, पण तास द्यायला नव्हता. सर सकाळी येऊन सही करत, नकाशे झटकत आणि संध्याकाळी खोलीवर जात. अंगातला शर्ट स्वच्छ होता, पण वरचं बटण तुटलेलं. त्यांनी सविताचं विचारलं. शाळेत येते म्हटलं. अर्जुनचं विचारलं. अजून पुण्यालाच म्हटलं. माझ्या बायकोचं विचारलं. बरी आहे, दिवस गेलेत, असं सांगितलं तर त्यांनी खुर्चीतून उठून मला नमस्कार केला. मी लहान, मला कशाला नमस्कार, ते कळेना. मीही वाकलो. दोघंही त्या नकाशांमध्ये वाकून उभे.

"इथे शिकवायला मिळत नाही, सर?"

"मधल्या सुट्टीत एक-दोन पोरं येतात. नकाशात आपलं गाव दाखवा म्हणतात. बहुतेक वेळा नकाशात नसतं. मी पेन्सिलने टिंब देतो."

परतीची गाडी दुपारची होती. सर थांब्यापर्यंत आले. गाडी आली तसे माझ्यामागून चढले. "महागावला माझं जरा काम आहे," म्हणाले. "तिथपर्यंत आहे मी." आम्ही शेजारी बसलो. रस्त्याने दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचायला माणसं तुरळक. सर बाहेर पाहत होते. एकदा फक्त म्हणाले, "घरी त्यांना जडबीड काही उचलू देऊ नका आता." आणि पुढे थोड्या वेळाने, "तुम्हालाही स्वयंपाक यायला हवा. थोडाफार."

महागावला ते उतरले. खिडकीखाली येऊन म्हणाले, "बरं, येतो मी. कामाला उशीर होतो." आणि गर्दीत शिरले. आमची गाडी तिथे बराच वेळ उभी होती. कंडक्टर चहाला गेला होता. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून सहज बाहेर पाहिलं, तर सर रस्ता ओलांडून पलीकडे, फुलसावंगीकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात तिथे उभे होते. छत्री काखेत. आमच्या गाडीकडे पाठ करून. गाडी सुटली तेव्हाही ते तिथेच होते.

घरी पोचलो तर बायको भाकरी थापत होती.

"भेटले का सर?"

"भेटले. महागावपर्यंत सोडायला आले मला."

तिने भाकर तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि वर न पाहता विचारलं, "अन् महागावहून त्याहिले सोडाले कोन गेलं?"